पारडं

सातपूर कॉलनीतल्या आमच्या वाचनालयात
संदर्भ विभाग होता तिथे आता घसरगुंडी आहे.
कोशांचे खंड जिन्याखाली गेले.
दाराला दार केलं, तीन फुटांचं,
मोठ्यांनी वाकल्याशिवाय आत यायचं नाही असं.
तक्रारवहीत तीन तक्रारी आल्या,
तिन्ही गांगुर्डे काकांच्या, तिन्ही एकाच शाईत :
'येथे वाचन होत नाही, गोंगाट होतो. सबब'
सबबच्या पुढे काहीच नाही.

रविवार कारंजावरचं धान्याचं दुकान मोडलं तेव्हा
कोठुळे शेटजींनी टेम्पोतून पाठवला हा तराजू.
दोन पितळी पारडी, साखळ्या,
पोतं मावेल एवढा ऐसपैस.
देणगीची पावती मीच फाडली :
तराजू, नग एक. वजने नाहीत.

वजनं नाहीत म्हणून मुलं
पुस्तकांनी वजन करू लागली.
हुमेरा दिवाळीआधी चोवीस होती, आता सव्वीस.
विहंग आव्हाड मुद्दाम पातळ पुस्तकं घेतो,
आकडा मोठा येतो म्हणून.
बाई, तुम्ही किती?
म्हटलं, एवढी पुस्तकं नाहीत रे आपल्याकडे.
(खोटं. दप्तरी नऊ हजार चारशे आहेत.)

वृषाली निरगुडे कधीच बसली नाही पारड्यात.
तिची आई अंबडला पॅकिंगला,
सुटून, रिक्षा मिळून, येईपर्यंत साडेसहा.
तोवर ही इथे. कडेवर भाऊ,
नाव राजवीर, हाक डुग्गू,
एक हात त्याच्या बुडाखाली, एक त्याच्या नाकाला.
पुस्तक धरायला तिसरा हात लागतो.
वर्षभर ती फक्त कपाटांच्या पाठी वाचत आली,
उभ्या उभ्या, मान वाकडी करून.

डिसेंबरातला गुरुवार. फरशी बर्फ झालेली.
डुग्गू खांद्यावर झोपला.
तिने स्वेटर काढला, पारड्यात अंथरला,
वर त्याला ठेवला, पाव ठेवतात तसा.
मग दुसऱ्या पारड्यात
जुन्या मासिकांचे बांधीव खंड, एकेक.
नऊ. दहा. तेरा.
चौदाव्याला तो जमिनीवरून सुटला,
सुटल्याचं त्याला कळलं नाही.

वरचा खंड उचलायला तिने हात घातला,
अर्धाच उचलला,
तिकडे डुग्गू खाली जाऊ लागला.
तिने खंड परत ठेवला.
पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला.
मग थांबली. आणि मला दिसलं की हिला समजलं.
पुस्तक होतं तिथेच तिने उघडलं,
गुडघ्यांवर बसून, हात मागे बांधून,
फक्त पान संपलं की एक बोट.
पानं उलटली तरी वजन तेच.

छोट्या दारातून गांगुर्डे काकांचं डोकं आत आलं.
चौथी तक्रार, मी मनात म्हटलं.
ते वाकलेलेच राहिले बराच वेळ.
हातातल्या वर्तमानपत्राची घडी घातली,
त्याचाही आवाज होऊ दिला नाही.
'किती भरला?'
'चौदा,' ती न बघता म्हणाली.
'हं.'
आणि उलटे, कमरेला हात लावत, बाहेर.

सहा वाजले. घंटा माझ्याच हातात असते.
मी तिची जीभ मुठीत धरून बसले.
लांब कुठल्याशा कंपनीचा भोंगा झाला,
पारडं किंचित हललं,
की मला तसं वाटलं.
वृषालीने ओठ हलवत
कुठलंसं वाक्य दोनदा वाचलं.

नोंदवहीत लिहिलं :
बंद करण्याची वेळ : सहा चाळीस.
कारण : वजन चालू होते.

सोमवारी सचिवांनी लाल पेनाने
शेजारी शेरा मारला : कशाचे?

रकाना तसाच आहे अजून.